सरपंचपदाचा निकाल पावणेतीन वर्षांनी फिरला. ईव्हीएमची पडताळणी होते तरी कशी?

हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचं गाव आहे. २ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथं सरपंचपदाची निवडणूक झाली. एक उमेदवार विजयी जाहीर झाला. दुसऱ्याचं म्हणणं, ६९ नंबरच्या बूथची मोजणी चुकली आहे. तक्रार खालच्या कोर्टातून हायकोर्टात आणि तिथून थेट सुप्रीम कोर्टात गेली. सुप्रीम कोर्टानं ईव्हीएम मशीनच दिल्लीत मागवल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी ६५ ते ७० अशा सगळ्या बूथची फेरमोजणी झाली, कॅमेऱ्यासमोर. हरलेल्या उमेदवाराला १०५१ मतं निघाली आणि खुर्चीवर बसलेल्याला १०००. पाच दिवसांनी कोर्टानं आदेश दिला आणि सरपंच बदलला. मात्र तोवर मुदतीतला निम्म्याहून जास्त काळ निघून गेला होता.

हे शक्य झालं, कारण मशीनमधली नोंद शाबूत होती. आपण बटण दाबतो ते बॅलेट युनिट. मत साठतं ते केंद्राध्यक्षाच्या टेबलावरच्या कंट्रोल युनिटमध्ये. त्यातला रिझल्ट पुन्हा पुन्हा पाहता येतो, बॅटरी काढली तरी पुसला जात नाही. पण ही झाली मशीनचीच साक्ष. मशीनचा हिशेब मशीनलाच विचारला तर तो तोच येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून लोकसभा-विधानसभेला तिसरं यंत्र जोडलं, व्हीव्हीपॅट. बटण दाबलं की उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि खालच्या पेटीत पडते. चिठ्ठी आपल्या हाती येत नाही, पण मोजायला शिल्लक राहते.

सगळ्या चिठ्ठ्या मात्र मोजत नाहीत. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी टाकून पाच केंद्रं निवडतात आणि तेवढ्याच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या हातानं मोजून मशीनशी ताडतात. आकडा जुळला नाही तर कायद्यानं चिठ्ठीचा आकडा खरा धरतात. सगळ्या चिठ्ठ्या मोजा, ही मागणी सुप्रीम कोर्टानं २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. पण चिठ्ठ्या मोजायला यंत्र वापरता येईल का, चिन्हासोबत बारकोड छापता येईल का, हे आयोगानं तपासावं असंही सुचवलं.

त्याच निकालानं आणखी एक वाट मोकळी केली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत लेखी अर्ज करून मतदारसंघातल्या पाच टक्के मशीन तपासून घेता येतात. तपासणी मशीन बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर करतात. २०२४ च्या विधानसभेला एका संचाची फी जीएसटीसह ४७,२०० रुपये होती. मशीनमध्ये फेरफार सापडला तरच पैसे परत. साध्या अपक्षाच्या खिशाला हे परवडणारं नाही.

सुरुवातीच्या पद्धतीत आणखी एक खोट होती. मशीनवर नव्यानं मॉकपोल घेऊन ते बरोबर चालतं का, एवढंच बघायचं. काटा आज बरोबर आहे म्हणून मागच्या हंगामात तुमचं सोयाबीन बरोबर मोजलं होतं, असं होत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आयोगाला बजावलं की तपासणीच्या नावाखाली मशीनमधला डेटा पुसू नका. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं डिसेंबर २०२४ मध्ये बॅलेट पेपरवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं, प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. लोकांची शंका समजण्यासारखी होती. पण नवं मतदान घेऊन जुनं तपासता येत नाही. त्यासाठी त्या दिवशीचीच नोंद लागते.

गडबड दर वेळी हॅकिंगचीच असते असंही नाही. २०१९ ला आंध्रातल्या मैदुकूर मतदारसंघात ६३ नंबरच्या केंद्रावर मशीन आणि चिठ्ठ्यांचा मेळ बसला नाही. कारण निघालं साधं. सकाळी एजंटांसमोर घेतलेल्या मॉकपोलची मतं केंद्राध्यक्ष पुसायला विसरला होता.

आता आपल्या गावचं. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथं व्हीव्हीपॅट लावत नाहीत. म्हणजे चिठ्ठी नाहीच. अशा वेळी एजंटचं काम वाढतं. मॉकपोलनंतर मशीन शून्यावर आलं का, हे स्वतः बघायचं. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष किती मतं पडली याचा हिशेब लिहितो, विधानसभेला त्याला १७ सी फॉर्म म्हणतात. त्याची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. त्यावर मशीनचे नंबर आणि एकूण मतं असतात. मोजणीच्या टेबलावर तोच नंबर, तेच सील आणि तोच आकडा आहे का, हे मशीन उघडण्याआधी ताडायचं. बरेच एजंट दुपारीच जेवायला म्हणून जातात ते परत येत नाहीत, अन् मग निकालाच्या दिवशी व्हॉट्सॲपवर बोंब मारतात.

ग्रामपंचायतीच्या निकालाला आव्हान द्यायचं असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली, निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. अर्जाला प्रत्येक केंद्राच्या हिशेबाची प्रत जोडता आली, तर कोणत्या बूथची मोजणी पुन्हा हवी ते नेमकं दाखवता येतं.