फेलूदाचा चेहरा
आवडत्या गुप्तहेराच्या भूमिकेत भलताच नट दिसला, की आपण वाचक नाराज होतो. वाचताना आपण मनात एक चेहरा पक्का केलेला असतो.

अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे मराठीत आलेल्या फेलूदाची गोष्ट वेगळी. सत्यजित राय हेच त्याचे लेखक, चित्रकार आणि दिग्दर्शक. १९७४च्या ‘सोनार केल्ला’मध्ये त्यांनी सौमित्र चटर्जींना फेलूदा केले आणि त्याचा मित्र, रहस्यकथालेखक जटायू याची भूमिका संतोष दत्त यांना दिली. दत्त इतके शोभले, की पुढे कथांची चित्रे काढताना राय जटायूला त्यांचाच चेहरा देऊ लागले. १९८८मध्ये दत्त गेले. त्यानंतर रायांनी फेलूदावर चित्रपट केला नाही.

दूरदर्शनच्या हिंदी ‘किस्सा काठमांडू का’मध्ये जटायू होते आपले मोहन आगाशे, तर फेलूदा शशी कपूर. कथेतला फेलूदा सडपातळ, नेमाने व्यायाम करणारा. तेव्हाचे भारदस्त शशी कपूर अनेकांना पटले नाहीत. नुसत्या मोठ्या नावाने भागत नाही, ते असे.

आम्हाला वाटते, घरातल्या मुलांना आधी कथा वाचू द्यावी, चित्रपट मागाहून दाखवावा. त्यांचा फेलूदा आधी त्यांच्या मनात उभा राहू दे.