करड्या रंगाचा निवाडा

काही वर्षांपूर्वी आमच्या नाशिकच्या घराला रंग द्यायचा होता. बाहेरच्या खोलीला करडा रंग द्यावा, यावर घरात लगेच एकमत झाले. मग दुकानातून शेडकार्ड आले आणि लक्षात आले, की करडा नावाचा एक रंग नसतोच. कार्डावर दहा-बारा करडे शेजारी शेजारी होते. त्यांतले दोन निवडले. एक अगदी राखेसारखा, दुसरा किंचित पिवळसर, मळकट वाटणारा. दुकानातल्या दिव्याखाली दोन्ही पुन्हा पाहिले आणि राखेसारखा ठरवला.

रंगाचे दोन हात झाले. संध्याकाळी घरी येऊन पाहतो, तर भिंती चक्क निळसर-जांभळट! मी रंगाऱ्याला विचारले, ‘‘डबा बदलला का?’’ तो नाही म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. त्याचे उरलेले पैसे मी चार दिवस अडवून धरले. पाचव्या दिवशी तो आला, त्याने शेडकार्ड मागितले, आम्ही निवडलेला तुकडा कात्रीने कापला आणि भिंतीला घट्ट टेकवून धरला. तुकड्याची कड दिसेना. मग त्याने खिडकी लावून दिवा लावला. तरीही कड दिसेना. रंग तोच होता.

पैसे मी तेव्हाच दिले. पण प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाने पुरावा न पाहता दुसऱ्याला दोषी ठरवले, ही बोच राहिली. रंग तोच होता, मग बदलले काय? हा प्रश्न वर्गात नेण्यासारखा आहे, म्हणून हा लेख.

करडा म्हणजे किती काळा?

आपल्या डोळ्यांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. एखादा पृष्ठभाग या सर्व तरंगलांबींचा प्रकाश सारख्याच प्रमाणात परावर्तित करत असेल, तर त्याला स्वतःची छटा नसते. हे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर असले की तो पांढरा दिसतो, 5 टक्क्यांच्या आसपास असले की काळा. या दोहोंच्या मधले सगळे करडे. मात्र पांढरा आणि काळा यांच्या बरोबर मध्यावरचा वाटणारा करडा निम्मा प्रकाश परावर्तित करत नाही. तो सुमारे 18 ते 20 टक्केच परावर्तित करतो. डोळ्याची मोजपट्टी सरळ चालत नाही. अंधाराच्या बाजूला तिच्या खुणा दाट असतात.

शिवाय डोळा प्रकाश मोजत नाही, प्रमाण मोजतो. नाशिकचे काळाराम मंदिर काळ्या पाषाणाचे आहे. असा दगड त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी दहा टक्के परत पाठवतो, असे धरू. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे 1,00,000 लक्स असते, म्हणजे दगडाकडून येणारे 10,000. घरातल्या 300 लक्स उजेडात वहीचा पांढरा कागद 80 टक्के परत पाठवतो, म्हणजे 240. उन्हातला काळा दगड घरातल्या पांढऱ्या कागदाच्या सुमारे चाळीसपट प्रकाश देतो, तरी दगड काळाच आणि कागद पांढराच दिसतो! आपली दृष्टी प्रत्येक वस्तूची तुलना तिच्या शेजाऱ्यांशी करते. म्हणूनच अंधाऱ्या खोलीत एकटा पेटलेला दिवा कितीही मंद केला, तरी तो करडा दिसत नाही. करडा दिसायला सोबतीला काहीतरी पांढरे लागते.

छटा येते कुठून?

भिंतीच्या रंगातला पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा आणि काळेपणा बहुधा काजळीचा, म्हणजे कार्बन ब्लॅकचा असतो. काजळीचे कण किती बारीक आहेत, यावर पांढऱ्यात मिसळल्यावर करडा निळसर होणार की तपकिरी, हे ठरते. त्यात चिमूटभर पिवळा किंवा तांबडा लोह ऑक्साइड, नाहीतर निळे रंगद्रव्य घातले, की छटा पुन्हा सरकते. राखाडी, पारवा, भुरा, धुरकट असे वेगवेगळे शब्द मराठीत आहेत, ते या फरकांसाठीच.

गडद लाल रंगात थोडे निळे वाढले, तर ते चटकन कळत नाही. करड्यात मात्र तेवढेच निळे लगेच जाणवते. रंगांतला फरक मोजण्यासाठी आज जगभर जे सूत्र वापरतात, त्या ‘सीआयईडीई 2000’ सूत्रातही करड्याच्या जवळपासच्या रंगांसाठी मुद्दाम वेगळी दुरुस्ती ठेवलेली आहे. दोन करड्यांमध्ये घुटमळणारा माणूस चोखंदळ नसतो, त्याचा डोळाच तिथे तीक्ष्ण असतो.

उजेड बदलला की

आता उजेडाकडे वळू. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात. जुन्या पिवळ्या बल्बचा सुमारे 2700, दुपारच्या उन्हाचा सुमारे 5500 आणि निळ्या आकाशाकडून येणाऱ्या उजेडाचा 10,000 किंवा त्याहूनही अधिक. आकडा जितका मोठा, तितका उजेड निळा. एलईडी दिव्याच्या खोक्यावरही 3000 किंवा 6500 असा आकडा छापलेला असतो.

आमच्या त्या खोलीला खिडक्या फक्त उत्तरेला आहेत. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या 20-21 तारखेपासून जुलैच्या 23-24 तारखेपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. बाकी वर्षभर तो दक्षिणेकडे. म्हणजे वर्षाचा मोठा भाग या खोलीला ऊन मिळत नाही, मिळतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात मी पाहिले संध्याकाळी, शेजारी स्वयंपाकघरात पिवळा दिवा लागलेला असताना. डोळा पिवळ्याला सरावला होता, त्यामुळे भिंतीचे निळेपण दुप्पट जाणवले.

आणखी एक गंमत आहे. दोन करडे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असले, तर ते दुकानातल्या दिव्याखाली हुबेहूब सारखे आणि घरी वेगळे दिसू शकतात. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या असतात. त्यामुळे वेगवेगळे वर्णपट डोळ्याला एकसारखे भासू शकतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. आमच्या रंगाऱ्याने तुकडा आधी खिडकीच्या आणि मग दिव्याच्या उजेडात तपासला, तो याचसाठी असणार. ही परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध होती.

शेजाराचा परिणाम

रंगाऱ्यावर असा आळ येण्याची गोष्ट जुनी आहे. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा गालिचे आणि भिंतीवरचे चित्रपट विणणारा कारखाना होता. 1824 साली मिशेल शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगविभागाचा प्रमुख झाला. निळ्या-जांभळ्या विणकामात वापरलेला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार होती आणि दोष रंगाऱ्यांना दिला जात होता. शेव्ह्रलने दुसरीकडची काळी लोकर आणून तुलना केली. कारखान्याचा काळा रंग मुळीच कमी प्रतीचा नव्हता. शेजारच्या निळ्यामुळे तो तसा दिसत होता. यातूनच रंगांच्या परस्परविरोधाचा नियम सांगणारे त्याचे पुस्तक 1839 साली प्रसिद्ध झाले. करड्याशेजारी पिवळे ठेवा, करडा निळसर दिसेल. शेजारी तांबडे ठेवा, तो हिरवट दिसेल.

भिंती एकमेकींना रंगवतात

एवढे सगळे मान्य केले, तरी एक कोडे उरते. त्याच खोलीत कार्ड हातात धरले, तर ते भिंतीइतके निळे का वाटत नाही? समजा, आपला करडा लाल प्रकाश 50 टक्के आणि निळा 54 टक्के परावर्तित करतो. हातातल्या कार्डावरून प्रकाश एकदाच उसळून डोळ्यात येतो. निळ्याचे लालशी प्रमाण 1.08, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतके. खोलीत मात्र एका भिंतीवरून उसळलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा उसळतो. दोन वेळा उसळलेल्या प्रकाशात हे प्रमाण 1.17 होते आणि तीन वेळा उसळलेल्यात 1.26. हे चक्रवाढ व्याजच आहे! कार्डावर नाममात्र असलेली छटा चार भिंतींत वसूल होते. तुकडा भिंतीला टेकवला, की त्याच्यावरही हाच उसळलेला उजेड पडतो, म्हणून कड नाहीशी होते.

करून पाहा

1. एकाच करड्या कागदाचे दोन चौकोन कापा. एक काळ्या, एक पांढऱ्या कागदावर ठेवा. कोणता फिका दिसतो? मग दोन भोके पाडलेला पुठ्ठा वर ठेवून फक्त चौकोन दिसतील असे करा.

2. काळ्या दगडाचा एक भाग ओला करा. तो गडद का दिसतो? पाण्याच्या थरातून बाहेर पडू पाहणाऱ्या प्रकाशाचा काही भाग आतच परत फिरतो आणि दगडात शोषला जातो. भिंतीचा ओला रंगही फसवा असतो. तो पूर्ण वाळल्यावरच निर्णय घ्या.

3. 2016 साली आलेल्या 500 रुपयांच्या नोटेचा रंग रिझर्व्ह बँकेने ‘स्टोन ग्रे’, म्हणजे दगडी करडा, असा सांगितला आहे. नोट भिंगाखाली पाहा आणि ‘हाच तो करडा’ असे कोणत्या जागेला म्हणाल, ते मुलांना विचारा. मतभेद होतील; ते लिहून ठेवा.

4. घर रंगवायचे असेल, तर आवडलेल्या दोन-तीन करड्यांचे दोन-दोन हात फूटभर लांब-रुंद पुठ्ठ्यांवर द्या. ते पुठ्ठे प्रत्येक भिंतीवर सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. खोली उत्तरेच्या उजेडाची असेल, तर किंचित पिवळसर करडा घ्या. छटा नको असेल, तर दुकानातल्या पसंतीपेक्षा एक पायरी कमी छटेचा निवडा.

आम्ही पुढच्या वर्षी ती खोली पुन्हा रंगवली. या वेळी दुकानात मळकट वाटलेला तो दुसरा करडा घेतला. खोलीत तो राखेसारखा दिसतो. रंगारी तोच बोलावला होता. कामाचे अर्धे पैसे त्याने आगाऊ मागितले आणि मी ते दिले.