गांवच्या वेशीवर आलेली काचेची तार घरापर्यंत कशी न्यावी ?

खानदेशांतील शेतकरी पाण्याच्या बाबतींत एक गोष्ट पुरतेपणीं ओळखून आहे. कालवा शिवारांतून गेला म्हणजे शेत भिजलें असें होत नाहीं; चारी निघाली पाहिजे, चारीवरून पाणी आपल्या बांधापर्यंत आलें पाहिजे, आणि पाळीच्या दिवशीं तें सोडणारा माणूस जागेवर पाहिजे. ब्रॉडबँडच्या काचेच्या तारेचेंही हल्लीं तसेंच झालें आहे. जळगांव व धुळें या दोन्ही जिल्ह्यांत अनेक ग्रामपंचायतींपर्यंत ही तार आलेली आहे. परंतु तेथून शेतकऱ्याच्या घरापर्यंतचें अंतर पुष्कळ ठिकाणीं तसेंच राहिलें आहे. तें कसें कापावें याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

गरज कोणती ?

मोबाइलवर सर्व कांहीं दिसतें, मग घरांत तार कशाला, असा प्रश्न कित्येक वाचक करतील. प्रश्न वाजवी आहे. ई-पीक पाहणी ही २०२१ पासून राज्यभर चालू झालेली नोंद शेतांत उभें राहून मोबाइलवरच करावयाची असते. तिला घरांतील तारेचा थेट उपयोग नाहीं. परंतु शेतकऱ्याचीं बाकीचीं कामें पाहावीं. केळीच्या हवामानाधारित विम्याचा अर्ज, ठिबक संचाच्या अनुदानासाठीं महाडीबीटीवर चढवावयाचीं कागदपत्रें, डिजिटल सहीचा सातबारा, आणि २०२५ च्या हंगामापासून कापूस महामंडळास हमीभावानें कापूस देण्यासाठीं ‘कपास किसान’ या ॲपवर करावयाची नोंदणी, या सर्वांस मुदती आहेत. एका टॉवरची शक्ति त्याच्या टापूंतील सर्व मोबाइलांत वांटली जाते. संध्याकाळीं सारा गांव एकदम पाहूं लागला कीं प्रत्येकाच्या वांट्यास थोडें येतें. सातपुड्याच्या पायथ्याशीं चोपडा, यावल, रावेर व शिरपूर तालुक्यांतील डोंगराआडच्या वस्त्यांस तर तेंही पुरतें मिळत नाहीं. मुदतीच्या शेवटच्या दिवशीं अर्ज अडकला तर नुकसान कंपनीचें होत नाहीं, शेतकऱ्याचें होतें. घरांतील मुलांच्या अभ्यासाचा प्रश्न याहूनही मोठा आहे. तो वाचकांस सांगण्याची जरुरी नाहीं.

तार येथवर कशी आली ?

खेड्यांत दूरध्वनि पोंचविण्याचा मोठा यत्न आपल्या देशांत १९८४ मध्यें सी-डॉट ही संस्था स्थापन झाल्यावर सुरू झाला. तिनें बनविलेलें १२८ जोडांचें ग्रामीण एक्सचेंज १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें प्रथम बसलें. धूळ व उन्हाळा सोसणारें, थंड खोलीवांचून चालणारें तें यंत्र होतें, आणि म्हणूनच तें खेड्यांत टिकलें. पुढें २५ ऑक्टोबर २०११ रोजीं केंद्र सरकारनें सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायती काचेच्या तारेनें जोडण्याची योजना मंजूर केली. तिलाच आज भारतनेट म्हणतात. महाराष्ट्रांत पहिल्या टप्प्याचें काम केंद्राच्या कंपनीनें केलें. २०१७ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यांत राज्याच्या महाआयटी मंडळानें ‘महानेट’ या नांवानें उरलेल्या गांवांचें काम हातीं घेतलें.

या कामांत एक मूलभूत उणीव होती. तार तालुक्यापासून निघून एका गांवाहून दुसऱ्या गांवास, तेथून तिसऱ्यास अशी एका रेषेंत गेली. रस्ता रुंद करतांना जेसीबीनें ती एका जागीं तोडली कीं खालचीं सर्व गांवें अंधारांत. ४ ऑगस्ट २०२३ रोजीं मंजूर झालेल्या सुधारित योजनेंत ही उणीव मान्य करून तारेचें कडें करण्याचें ठरलें, म्हणजे एका बाजूस तुटली तरी दुसऱ्या बाजूनें वाहतूक चालू राहावी. या योजनेस १,३९,५७९ कोटि रुपयांची तरतूद असून पांच वर्षांत दीड कोटि ग्रामीण घरें जोडण्याचा संकल्प आहे. व्यवस्थापन भारत संचार निगमाकडे आहे. ग्रामपंचायत नसलेल्या वाडीवस्त्यांस मात्र मागणी आल्यावर तार द्यावयाची आहे. ‘मागणी आल्यावर’ या दोन शब्दांकडे वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. जो मागणार नाहीं त्यास ती मिळणार नाहीं.

तारेंत चालतें काय ?

ही तार तांब्याची नसून काचेची असते. तिचा धागा एक अष्टमांश मिलिमीटर जाडीचा, आणि प्रकाश चालतो तो त्याच्याही आंतल्या केसाहून बारीक गाभ्यांतून. हा धागा आपल्या शेजारच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतच स्टरलाइट कंपनीच्या कारखान्यांत ओढला जातो. काचेंत प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो; म्हणजे जळगांवाहून मुंबईस संदेश पोंचण्यास सेकंदाचा चारशेवा भागही लागत नाहीं.

मुख्य यंत्रापासून निघालेला एक धागा पुढें स्प्लिटर नांवाच्या लहानशा डबींत येतो व तेथें बहुधा आठ, सोळा किंवा बत्तीस घरांत विभागला जातो. या डबीस वीज लागत नाहीं. परंतु प्रत्येक दुभागणीस प्रकाश निम्मा होतो, हें ध्यानांत ठेवावें. चारीस जितकीं दारें जास्त तितकी धार बारीक, तोच हा न्याय. मुख्य यंत्रापासून घर साधारण वीस किलोमीटरांच्या आंत असलें म्हणजे काम भागतें. तेव्हां गांवापासून दोन-तीन किलोमीटरांवरील मळ्यास तार पोंचत नाहीं असें कोणी सांगितल्यास तें शास्त्राचें कारण नव्हे, खर्चाचें आहे.

आयर्लंडचें उदाहरण

आयर्लंड हा आपल्याप्रमाणेंच शेतीवर वाढलेला देश. तेथें शेतकरी गांवठाणांत दाटीनें राहत नाहीं. एकेक घर आपल्या शेतांत सुटें असतें. त्यामुळें खाजगी कंपन्या शहरांबाहेर तार नेण्यास तयार होईनात. नोव्हेंबर २०१९ मध्यें सरकारनें एका कंपनीशीं करार करून सुमारें साडेपांच लक्ष घरें, शेतें व शाळा जोडण्याचें काम तिच्यावर सोंपविलें. कराराचें मर्म असें कीं, ठरलेल्या क्षेत्रांतील घर कितीही आडबाजूस असो, तें वगळावयाचें नाहीं. नवे खांब रोंवण्याऐवजीं जुन्या दूरध्वनि कंपनीचे खांब व नळ्या भाड्यानें घेतल्या गेल्या. सरकारनें पैसा व नियम दिले. पण आपल्या आवारांतील नळी मोकळी ठेवणें हें घरमालकाचें काम राहिलें. आपल्याकडे मळ्यांत राहणाऱ्या कुटुंबांची स्थिति आयर्लंडच्या शेतकऱ्यासारखीच आहे, म्हणून हें उदाहरण घेतलें.

प्रत्यक्ष काय करावें ?

पहिली गोष्ट, ग्रामपंचायतीच्या कचेरींत जाऊन यंत्र चालू आहे कीं कपाटांत बंद आहे हें पाहावें. बंद असल्यास कारण विचारावें : तार तुटली, कीं वीज नाहीं, कीं लक्ष देण्यास कोणी नाहीं ? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ग्रामसभेंत हा विषय लेखी घेऊन ठराव करावा व त्याची प्रत तालुक्यास पाठवावी.

दुसरी गोष्ट, एकट्यानें मागणी करूं नये. एका घरासाठीं अर्धा किलोमीटर तार ओढणें कोणासही परवडत नाहीं. तीच तार वाटेवरील दहा घरांनीं घेतली तर परवडते. एका रस्त्यावरील मळेवाल्यांनीं नांवांची यादी व घरांचीं अंतरें लिहून एकत्र अर्ज द्यावा. ही सेवा भारत संचार निगमाप्रमाणेंच खाजगी कंपन्या व तालुक्याच्या गांवचे केबलवालेही देतात. दोन-तीन ठिकाणीं विचारून लेखी भाव घ्यावा. खांबांचा व नळीचा खर्च कोणाचा, तार तुटल्यास किती दिवसांत जोडणार, आणि घरांतील यंत्र कोणाच्या मालकीचें, हे तीन प्रश्न आधींच विचारावे. शेजाऱ्याच्या बांधावरून तार न्यावयाची असेल तर त्याची संमति लेखी घ्यावी. तोंडी संमति पुढच्या पिढींत भांडणाचें मूळ होते.

तिसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी जमीन वैशाखांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगते. उथळ घातलेल्या नळीच्या जोडांवर त्यामुळें ताण येतो. जमिनींतील तारेसाठीं भारत संचार निगमाचें मान सुमारें १.६५ मीटर खोलीचें आहे. घराकडील शेवटचा फांटा इतका खोल जात नाहीं. तरी नांगराच्या फाळास लागणार नाहीं अशा बेतानें, शक्यतों बांधाच्या कडेनें, जाड नळींतून न्यावा. खांबावरून नेल्यास ट्रॅक्टरची ट्रॉली कापसानें भरलेली असतां खालून जाईल इतकी उंची ठेवावी. विहीर किंवा चर खणण्यापूर्वीं ‘कॉल बिफोर यू डिग’ या २०२३ पासूनच्या सरकारी ॲपवर चौकशी करावी.

चौथी गोष्ट विजेची. गांवठाणांतील घरांस वीज बहुतेक वेळ असते. शेती फीडरवरील मळ्यांत ती ठराविक तासच येते. घरांतील यंत्रास दहा-पंधरा वॅटच लागतात. बारा व्होल्टची लहान बॅटरी किंवा सौर दिव्याचा संच तें कांहीं तास सहज चालवितो. बसविणारा माणूस परत जाण्यापूर्वीं त्याच्याकडून प्रकाशमापकाचा आंकडा पाहून लिहून घ्यावा. उणे वीसच्या आसपास असेल तर उत्तम. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला तर जोड वाईट आहे, तो पुन्हां करवावा. तार कोठेंही दुमडूं देऊं नये, आणि उंदरांच्या वाटेवर ठेवूं नये.

फडाची शिकवण

पांझरेच्या कांठीं पिढ्यान् पिढ्या चालत आलेली फडपद्धति ही खानदेशाची कीर्ति आहे. बंधारा, कालवा व चाऱ्या यांची डागडुजी सर्वांनीं मिळून करावयाची, पाणी पाटकऱ्यानें पाळीनें द्यावयाचें, आणि त्याचें वेतन सर्वांनीं भरावयाचें, असा तिचा नियम. काचेच्या तारेसही हाच नियम लागू पडतो. यंत्र सरकार बसवील, तार कंपनी ओढील. परंतु गांवांतील एखाद्या शिकलेल्या तरुणास जोडकाम शिकवून, थोडें वेतन देऊन, देखरेखीस ठेविलें नाहीं तर पहिल्या पावसाळ्यानंतर तीच तार कुंपणास बांधलेली दिसेल. ज्या गांवांनीं पाण्यासाठीं पाटकरी ठेविला त्यांस हें सांगणें नवें नाहीं. येत्या ग्रामसभेपूर्वीं आपल्या रस्त्यावरील घरांची यादी तयार करावी, एवढीच वाचक बंधुभगिनींस विनंति आहे.