वर्टला ऑक्सिजन कुठला द्यायचा?

'स्वतःपुरती केली, विकली नाही, मग घरच्या बीअरला कोण अडवणार?' असं सर्रास बोललं जातं. कायदा अडवतो. तमिळनाडूत १९३७ चा दारूबंदी कायदा आहे, महाराष्ट्रात १९४९ चा. परवान्याशिवाय बीअर करणं दोन्हीकडे गुन्हा. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बीअरवरची परवान्याची अट काढली, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७९ पासून मोकळीक दिली. म्हणून पुढचं सगळं तिकडच्या मराठी घरांसाठी.

तिथे पहिला गैरसमज भेटतो तो असा, की आंबवणं ऑक्सिजनविना होतं, मग तो द्यायचाच कशाला? अल्कोहोल ऑक्सिजनविना तयार होतं हे खरं. पण त्याआधी यीस्टला वाढायचं असतं. नव्या पेशीच्या आवरणाला स्टेरॉल आणि असंतृप्त स्निग्धाम्लं लागतात, आणि ती घडवायला ऑक्सिजन लागतो. आंद्रेआसेन आणि स्टिअर या संशोधकांनी १९५३-५४ मध्ये हेच दाखवलं: हे दोन पदार्थ बाहेरून पुरवले, तर यीस्ट ऑक्सिजनविनाही वाढतं. वर्ट, म्हणजे माल्टचा गोड अर्क, तासभर उकळल्यावर त्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ उरतच नाही. तो परत द्यावा लागतो, तोही वर्ट पुरता गार झाल्यावर. सुकं यीस्ट वापरत असाल तर बहुधा तेवढीही गरज नाही. कारखान्यात भरपूर हवेवर वाढवल्यामुळे त्याची शिदोरी बरोबरच असते.

आता मुख्य वाद. 'वेल्डिंगचा ऑक्सिजन विषारी, दवाखान्याचा शुद्ध.' दोन्ही सहसा हवा थंड करून, द्रवरूप करून वेगळे काढतात. एप्रिल २०२१ ची कोविड लाट आठवा: केंद्र सरकारने बहुतेक उद्योगांचा ऑक्सिजन थांबवून तो रुग्णालयांकडे वळवला, तो याच जोरावर. फरक असतो तपासणीत, नोंदींत आणि सिलिंडरच्या निगराणीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या सिलिंडरचा आगापिछा माहीत नाही, तो घरात आणू नये, आणि रुग्णासाठीचा सिलिंडर बीअरसाठी मागू नये. रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीच लावायचं नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. आजारपणानंतर घरात पडून असलेलं कॉन्सन्ट्रेटर चालेल का? चालेल. त्यातून साधारण ९३ टक्के ऑक्सिजन मिळतो, उरलेला बहुतांश आर्गॉन. यीस्टला त्याचा त्रास नाही.

पण शुद्ध ऑक्सिजन लागतोच असंही नाही. २० अंशांना साध्या हवेतून वर्टमध्ये लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरतो. पंप रात्रभर चालवला तरी आकडा पुढे सरकत नाही, फेस मात्र झाकणाबाहेर येतो. नेहमीच्या एल प्रकारच्या बीअरला एवढं पुरतं. झाकण घट्ट लावून बादली पाच मिनिटं जोरात हलवली, की काम बरंचसं होतं; पंप लावलात तर नळीवर जंतू अडवणारा फिल्टर हवा. गोडी जास्त असलेल्या, कडक बीअरला मात्र अधिक ऑक्सिजन लागतो, तिथे सिलिंडर खरा उपयोगी. बारीक छिद्रांच्या दगडातून २० लिटरला मिनिटाला एक लिटर या वेगाने मिनिटभर सोडला तरी भागतं. बुडबुडे दुधासारखे बारीक दिसायला हवेत. मोठाले दिसले तर गॅस वर निसटतोय.

आणि बीअर तयार झाली की हवेशी संबंध संपला. बाटलीत भरताना नळी तळाला टेकवा. वरून धार सोडलेली बाटली काही आठवड्यांनी उघडली, की ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.