सेट टॉप बॉक्स टीव्हीच्या पोटात : सोय कोणाची, किल्ली कोणाकडे?



चवथ जवळ आली की पेडणे व डिचोलीच्या बाजारात माटोळीच्या सामानाप्रमाणेच टीव्ही-फ्रिजच्या दुकानांतही गर्दी होते. नवा टीव्ही घेताना हल्ली एक प्रश्न विचारला जातो, "यात सेट टॉप बॉक्स आतच आहे का?" प्रश्न अगदी योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढ्यावर संपत नाही. या विषयामागे थोडे विज्ञान आहे, थोडा कायदा आहे आणि आपल्या खिशाचाही संबंध आहे. म्हणून या अंकात त्याची माहिती देत आहे.

प्रथम हे पाहू की हा बॉक्स करतो तरी काय. केबलच्या एकाच तारेतून शेकडो वाहिन्या एकत्र येतात. पोस्टाच्या थैलीत सगळ्या गावाची पत्रे असतात, तसेच हे आहे. बॉक्समधील ट्यूनर योग्य थैली निवडतो. दुसरा भाग त्या थैलीतून आपल्याला हवे असलेले पत्र वेगळे काढतो. तिसरा भाग, म्हणजे डिकोडर, घडी घालून दाबून बसवलेले चित्र व आवाज उलगडून पडद्यावर पाठवतो. ही तिन्ही कामे करणाऱ्या चिप्स आज स्वस्त झाल्या आहेत व टीव्हीच्या आत सहज मावतात.

चौथे काम मात्र वेगळ्या प्रकारचे आहे. ते म्हणजे कुलूप उघडण्याचे. पैसे भरून पाहायच्या वाहिन्या सांकेतिक रूपात, म्हणजे कुलूपबंद करून पाठवल्या जातात. या कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलत असते. ज्याने पैसे भरले आहेत त्याच्याच बॉक्सला किंवा त्यातील कार्डाला ती किल्ली ओळखता येते. प्रत्येक कंपनी आपल्या पसंतीची कुलूप-पद्धत वापरते. त्यामुळे एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीकडे चालत नाही. सारी अडचण या चौथ्या कामात आहे.

आमच्या पिढीने बॉक्स नसलेले दिवसही पाहिले आहेत. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि गावोगावी केबलची तार खांबावरून माडावर व माडावरून घरात आली. तेव्हा जुन्या टीव्हीत मोजक्याच वाहिन्या लागत, म्हणून काही घरांत एक छोटा कन्व्हर्टर जोडावा लागे. पुढे जास्त वाहिन्या पकडणारे ट्यूनर टीव्हीतच येऊ लागले आणि कन्व्हर्टर अडगळीत गेला. म्हणजे बाहेरचा डबा टीव्हीच्या पोटात जाणे ही गोष्ट एकदा घडून गेली आहे. तेव्हा ती सहज घडली, कारण सिग्नलला कुलूप नव्हते.

कुलूप आले ते कायद्याने. २०११ साली केबल टीव्हीच्या कायद्यात बदल झाला आणि २०१२ ते २०१७ या काळात चार टप्प्यांत देशातील केबल डिजिटल झाली. पहिल्या टप्प्यात चार महानगरे होती. आपल्याकडील नगरपालिका क्षेत्रे तिसऱ्या टप्प्यात होती व खेडी चौथ्या टप्प्यात. या कायद्यानुसार केबलवाल्याने प्रत्येक वाहिनी सांकेतिक रूपातच द्यायची असते, मग ती मोफत वाहिनी का असेना. म्हणून आज काही नव्या टीव्हींमध्ये डिजिटल केबलचा ट्यूनर असला तरी आपल्या केबलची तार थेट टीव्हीला जोडून चित्र मिळत नाही. ट्यूनर आहे, डिकोडर आहे, पण किल्ली नाही.

मग किल्लीसकट बॉक्स टीव्हीत बसवला तर? हा प्रयोग आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात झाला आहे. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन कंपनीने २००९ साली डीटीएच सेवा सुरू केली आणि रिसिव्हर आतच बसवलेले टीव्हीही बाजारात आणले. एक रिमोट, एक प्लग, तारांचा गुंता नाही. सोय खरोखरच चांगली होती. परंतु आतला रिसिव्हर त्याच एका सेवेचा होता. ग्राहकाने उद्या सेवा बदलली तर आतला भाग निरुपयोगी होऊन पुन्हा बाहेर बॉक्स लावणे आले. २०१८ साली ती डीटीएच सेवा डिश टीव्हीमध्ये विलीन झाली व त्याच वर्षी व्हिडिओकॉन कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. डीटीएच सेवा पुढे चालू राहिली हे खरे. तरीही यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बॉक्स बदलता येतो, तर टीव्ही आपण दहा-दहा वर्षे वापरतो. दहा वर्षांच्या वस्तूला एकाच कंपनीचे कुलूप लावून घेणे शहाणपणाचे नाही.

परदेशांत यावर उपाय शोधला गेला, तो म्हणजे टीव्ही सर्वांसाठी सारखा ठेवायचा आणि फक्त किल्ली काढता-घालता येईल अशी करायची. युरोपमध्ये २००२ च्या नियमांनुसार ३० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या पडद्याच्या डिजिटल टीव्हीला अशी किल्ली बसवण्याची सामाईक खाच असणे बंधनकारक झाले. अमेरिकेत 'केबलकार्ड' नावाचे कार्ड आले. केबल कंपन्यांनी आपल्या बॉक्समध्येही तेच वेगळे कार्ड वापरावे, असा नियम तिथे २००७ मध्ये लागू झाला. पण कार्ड घातलेल्या टीव्हीला केवळ सिग्नल घेता येई, उलट निरोप पाठवता येत नसे. त्यामुळे मागणीनुसार चित्रपट पाहणे वगैरे सोयी त्यात मिळेनात. ग्राहक कंपनीच्या बॉक्सकडेच वळले आणि २०२० साली कार्ड पुरवण्याची सक्तीही रद्द झाली. नियम करून भागत नाही, कंपन्यांची मनापासून साथ लागते, हे या उदाहरणावरून दिसते.

आपल्या देशातही 'ट्राय' या नियामक संस्थेने एप्रिल २०२० मध्ये अशीच शिफारस केली होती. सर्व बॉक्स कोणत्याही कंपनीकडे चालावेत आणि टीव्हीला यूएसबीवर आधारित सामाईक जोडणी असावी, म्हणजे किल्लीचा छोटा तुकडा बदलून सेवा बदलता येईल, असे त्यात म्हटले होते.

याहून सोपी वाट मोफत वाहिन्यांची आहे. दूरदर्शनची 'डीडी डायरेक्ट प्लस', म्हणजे आजची 'डीडी फ्री डिश', ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही. भारतीय मानक ब्यूरोने उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी आयएस १८११२ हे मानक २०२२ साली तयार केले. अशा टीव्हीला छतावरची छत्री थेट जोडली की मोफत वाहिन्या दिसतात, बॉक्स लागत नाही. यात 'सह्याद्री' आहे, २०१९ पासून दूरदर्शनची गोव्याची वाहिनी आहे, आणि इयत्तावार शैक्षणिक वाहिन्याही आहेत. २०२० च्या टाळेबंदीत गोव्याच्या डोंगराळ भागातील मुले मोबाईलच्या सिग्नलसाठी टेकडीवर जाऊन बसत होती. छत्रीला मोबाईलचा टॉवर लागत नाही. ज्या घरात दर महिन्याचा रिचार्ज जड जातो, त्या घरातील मुलाला निदान धडा तरी पाहता यावा, या दृष्टीने शाळेला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

तरीही मर्यादा लक्षात ठेवाव्यात. गोव्यातील स्थानिक बातम्यांच्या केबलवरील वाहिन्या या छत्रीवर मिळतीलच असे नाही. त्यासाठी केबल ठेवावी लागेल. मुसळधार पावसात उपग्रहाचा सिग्नल क्षीण होतो, तो बॉक्स आत असला तरी होणारच. आणि आपल्याकडे मे महिन्यात व दसऱ्याच्या सुमारास विजा कडाडतात, तेव्हा छत्रीची तार अवश्य काढून ठेवावी. पूर्वी तारेतून आलेला विजेचा झटका आधी बॉक्स जाळत असे, आता तो थेट टीव्हीवर बसेल.

तेव्हा दुकानात तीन प्रश्न विचारा. पहिला, आतला ट्यूनर कशाचा आहे, केबलचा की उपग्रहाचा? उपग्रहाचा असेल तर माहितीपत्रकात 'डीव्हीबी-एस२' असे लिहिलेले असते. केवळ 'डिजिटल' किंवा 'स्मार्ट' या शब्दांवर विसंबू नका. दुसरा, दूरदर्शनच्या मोफत वाहिन्या बॉक्सशिवाय लागतात का? शक्य असल्यास दुकानातच लावून पाहा. तिसरा, आतील सोय एखाद्या एकाच कंपनीला बांधलेली आहे का? तशी असेल तर तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील टीव्हीच्या मागे कोणकोणत्या जोडण्या आहेत त्याची आकृती काढून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवावी. आकृती काढताना प्लग काढलेला असावा आणि घरातील मोठे माणूस जवळ असावे.

— मुख्याध्यापक