चाल कुणाचीही असो, गाणे आपले

एप्रिल उजाडला की आपल्या वस्त्यांतून भीमगीते घुमू लागतात. विहारापुढे मंडप, निळ्या पताका, खांबाला बांधलेला कर्णा. एखादे गाणे लागले की घरातली वडीलधारी मंडळी हातातले काम ठेवून म्हणतात, ‘हे तर आमच्या चाळीतले गाणे!’ नातवंडे म्हणतात, ‘छे, ही तर सिनेमाची चाल.’ आम्हांला वाटते, दोघांचेही खरे आहे.

आपल्या गाण्याने चाल घेताना कधी तिची जात विचारली नाही. बाबासाहेबांच्या चळवळीतले जलसे उभे राहिले तेच तमाशाच्या अंगाने. सत्यशोधकांनी ती वाट आधी पाडली होती. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी ढोलकी ठेवली, सवाल-जवाब ठेवले. गणातला गणपती आणि गवळणीतला कृष्ण यांना मात्र रजा दिली. ज्या फडावर लोक करमणुकीला बसत, तिथेच शिक्षणाची आणि माणुसकीच्या हक्काची गोष्ट सुरू झाली.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मुंबईच्या चाळींतून कव्वालीचे सामने रंगू लागले. दोन पार्ट्या समोरासमोर, हार्मोनियम, ढोलक, टाळ्यांचा ठेका आणि बेंजो. (बेंजो म्हणजे आपले बुलबुलतरंगच, परदेशी वाद्याशी त्याचे नाते फक्त नावाचे.) दर्ग्यातली गायकी, तमाशातला सवाल-जवाब आणि विषय बुद्ध-भीमाचा! विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे ही नावे घेतली की आजही म्हाताऱ्या माणसांचे डोळे चमकतात. उमपांच्या गळ्यात कोळीगीत होते, कव्वाली होती आणि ‘जांभूळ आख्यान’ही होते. प्रल्हाद शिंदे यांनी पंढरीच्या विठ्ठलाचीही गाणी गायली, म्हणून काही जण नाक मुरडतात. गळ्यावर ज्याचे पोट, त्या कलावंताचा हिशेब मांडण्यापूर्वी आपण त्याच्या हाती बिदागी किती ठेवली तेही आठवावे.

पण सिनेमाच्या चाली कशाला, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचे उत्तर वामनदादा कर्डकांच्या आयुष्यातच सापडते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षरे शिकला आणि पुढे गावोगाव हिंडून हजारो गीते रचून गेला. ऐकणाऱ्यांतही वाचता येणारे थोडेच. ओळखीच्या चालीवर बसवलेले शब्द एका रात्रीत पाठ होत. सकाळी तेच गाणे कुणाच्या जात्यावर, कुणाच्या गिरणीच्या पाळीत. चाल ही पिशवी होती. आत काय भरायचे ते आपण ठरवले.

पुढे कॅसेटचा काळ आला. आनंद आणि मिलिंद या शिंदे बंधूंचे आवाज रिक्षात, पानपट्टीवर, लग्नाच्या वरातीत वाजू लागले. गाणे घरोघर गेले ही मोठीच गोष्ट. परंतु कॅसेटच्या वेष्टणावर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव बारीक, तेही असले तर. तरी कवी हरवला नाही, कारण आपल्याकडे जुन्या संतांच्या अभंगांप्रमाणे कवी स्वतःचे नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. वामनदादांनी आपले ‘वामन’ हे नाव असेच गुंफले. त्यांचे गाणे कुणीही गावो, शेवटी सही त्यांचीच.

आता गाणी मोबाइलवर फिरतात. एकतारी हाती घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज त्यामुळेच घराघरांत पोचला. भजनाच्या त्या एकतारीवर भीमाचे गाणे ऐकताना खेड्यातून शहरात आलेल्या आयाबायांच्या डोळ्यांत पाणी येते, ते उगाच नाही. पण मोबाइलवरचा तुकडा पुष्कळदा अर्ध्या मिनिटाचा असतो. मुखडा येतो, एक कडवे येते आणि गाणे तुटते. सहीचे कडवे नेमके तिथेच गळते. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ सालीच गेले. ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले, ती माणसेही आता थकली आहेत.

तेव्हा भगिनींनो, आवडते गाणे शेजारणीला, लेकीला जरूर पाठवा, पण पुरे पाठवा. एखाद्या रविवारी आजीला जवळ बसवून ते ऐकवा आणि विचारा, हे आधी कोणत्या चालीवर म्हणत होता? ती बहुधा दुसरेच एखादे गाणे म्हणू लागेल. तेही वहीत उतरवून घ्या, शेवटच्या कडव्यासकट, आणि वर तारीख व आजीचे नाव लिहा.