समोरचा बेशुद्ध पडला, तरी सुवर्णपदक त्यालाच! कराटेत गुण मिळतात तरी कसे?

७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिम्पिक. कराटेच्या ७५ किलोवरील पुरुष गटाची फायनल. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची उंच किक इराणच्या सज्जाद गंजजादेहला इतकी जोरात लागली की तो मॅटवरच बेशुद्ध पडला. पण सुवर्णपदक मिळालं गंजजादेहला. असं का?

गुण कसे मिळतात?

कराटेतल्या लढतीला ‘कुमिते’ म्हणतात. त्यात गुणांचे तीन प्रकार आहेत:

- युको (१ गुण): चेहऱ्यावर किंवा धडावर ठोसा
- वाझा-आरी (२ गुण): पोट, छाती, पाठ किंवा बरगड्यांवर किक
- इप्पोन (३ गुण): डोक्यावर किक किंवा खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर अचूक प्रहार

८ गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच संपते. बरोबरी झाली, तर सहसा आधी गुण मिळवणारा जिंकतो.

मग हमेदी बाद का झाला?

नुसता फटका बसून गुण मिळत नाही. वेग, अंतर, टायमिंग आणि फटक्यानंतरची सावधता हे सगळं पंच पाहतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताबा. डोक्यावरची किक हलकी स्पर्शून मागे यायला हवी. हमेदीची किक ताबा सुटलेली ठरली आणि पंचांनी ‘हानसोकू’ म्हणजे अपात्रतेचा निर्णय दिला.

त्याच्या हाती रौप्य आलं. सौदी अरेबियाचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक सुवर्ण एका किकने हुकलं.